चालत आलेलं जंगल

डोंगरमाथ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जिथे आजवर गवताखेरीज काही उगवलं नव्हतं, तिथे ओकची शेकडो रोपं गुडघाभर वाढली होती, आणि ती कुणीच लावलेली नव्हती.

"जंगल चालतंय," झाडांशी बोलतो असं सांगणारा, माथ्यावर राहणारा झाडबाबा डोळे मिटून म्हणाला. "खालचं पाप सोडून माझ्याकडे येतंय."

खालच्या उतारावरचे ओक खरोखरच वाळत होते, त्यामुळे लोकांनी माना डोलावल्या. पाप कुणाचं, तेही बाबानं सांगून टाकलं: रोपवाटिकेतल्या बाईचं, कारण ती मेलेली झाडं चिरून बघते. ती बाई म्हणजे माझी थोरली बहीण. 'रोपं कशी आली ते मी सांगते,' असं ती चारचौघांत म्हणाली होती. ते बाबाला झोंबलं असावं.

त्यानं खालच्या तीन हिरव्यागार झाडांना लाल कापड गुंडाळलं. झाडांशी एकांतात बोलायचंय म्हणून त्याआधी सगळ्यांना लांब पाठवलं होतं. "ही बाई इथे राहिली, तर दोन महिन्यांत ही वाळतील."

तिन्ही वाळली.

लोक आमच्या दारात आले. सगळ्यांत पुढे बेकरीवाल्या काकू, ज्यांच्या अंगाखांद्यावर आम्ही वाढलो. मी ताईला आत नेऊन म्हणालो, "चार दिवस मावशीकडे जाऊन राहतेस का?"

ती कलमं करायचा चाकू घेऊन तडक उताराकडे निघाली. गर्दी मागोमाग.

"कापडाला हात लावलास तर हात झडतील," बाबा म्हणाला.

"कलमं बांधून अर्धे झडलेच आहेत," ताई म्हणाली आणि तिनं गाठ कापली.

कापडाखाली खोडाभोवती बोटभर खोल, गोल खाच होती. करवतीनं पाडलेली. "मुळांकडून वर जाणारं पाणीच तोडलंय," ताई म्हणाली. दुसऱ्या झाडाचं कापड काकूंनी स्वतः सोडलं. तिथेही तेच. तिसऱ्यापाशी पोचेपर्यंत बाबानं काढता पाय घेतला होता.

"मग वरची रोपं?" काकूंनी हळूच विचारलं.

"पक्षी बिया पुरून ठेवतात आणि विसरतात. पूर्वीही पुरायचे, पण रोपं हिवाळ्यात गारठून मरायची. बारा वर्षं मी नोंदी ठेवतेय. माथ्यावर आता तसा गारठा पडत नाही, म्हणून ती जगतात. खाली उन्हाळा इतका कडक झालाय की नवं रोप टिकत नाही आणि जुनं झाड तग धरत नाही. झाड जागचं हलत नाही, काकू. त्याची पोरं जिथे जगतात, तिकडे जंगल सरकतं."

"आणि माथ्याच्या वर?"

"वर काही नाही," ताई म्हणाली.

काकूंनी तिची माफी मागितली. मला ते अजून जमलेलं नाही. दर रविवारी तिच्याबरोबर उतारावर झाडं मोजायला जातो, एवढंच. आम्ही एका बाईकडे बोट रोखून उभे होतो, तेवढ्या दोन महिन्यांत तिथली आणखी एकेचाळीस झाडं वाळली. ती कुठल्याही बाबानं कापलेली नव्हती. चमत्कार कानावर आला, तर आधी जाऊन बघा, मोजा, जाणत्याला विचारा. आम्ही हे उशिरा केलं.