सासूबाई रोज बसतात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुन्या गोदामाच्या जागी नवी पाटी लागली, 'गॅस्ट्रोपब', तेव्हा सासूबाईंना आमच्याकडे राहायला येऊन जेमतेम महिना झाला होता. त्यांनी चष्मा पुसून पाटी पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "खाल्लं की गॅस्ट्रो होणार, हे बाहेरच लिहून ठेवलंय. माणसं प्रामाणिक दिसतात."

सासरे गेल्यावर त्या आपलं घर बंद करून आल्या होत्या. स्वभावाने त्या वाईट नाहीत, मीही नाही. पण आमचं स्वयंपाकघर म्हणजे दोन भिंतींमधली फट. एकीने कांदा परतायचा आणि दुसरीने दारात उभं राहून ठसकायचं. त्यांना रिकामं राहवत नाही आणि मला मदत खपत नाही. मग दिवसभर त्या घडी घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालायच्या. माझ्या धाकट्या नणंदेने सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "नाही जमलं तर आईला मी घेऊन जाईन." जमत नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. जमावं असं मला फार वाटत होतं, हे मात्र मी कुणाला बोलले नव्हते. त्यांना तर नाहीच.

मी पडदे शिवते. पबच्या पडद्यांचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला म्हणून सासूबाईंना नेलं. आत एकासारखं एक टेबल नव्हतं, खुर्च्या तर चार घरांतून लग्न करून आल्यासारख्या. मागच्या भिंतीत एक मोठी खिडकी, तिच्यापलीकडे स्वयंपाक. पावाचा वास असा की भूक नसलेल्यालाही लागावी. कोपरापर्यंत पिठात हात असलेली मालकीण तिथूनच ओरडली, "या! दार ओढून घ्या हो, वारं येतंय."

सासूबाई तिथेच विरघळल्या असं मला वाटतं. 'या' तर दुकानदारही म्हणतो. दार ओढून घ्यायला घरच्यालाच सांगतात.

मी खिडक्या मोजत होते, तेवढ्यात मालकिणीने मटारच्या शेंगांची परात टेबलावर ठेवली. "काकू, शेंगा सोलता येतात का?"

"येतात का?" सासूबाई म्हणाल्या. त्या दोन शब्दांत सगळ्या संसाराचा अपमान होता. माझी मापं घेऊन झाली, तोवर परात रिकामी आणि सालांचा डोंगर.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळ झाली की त्या केस विंचरून निघायच्या. खिडकीजवळच्या टेबलाशी शेंगा सोलायच्या, पालेभाजी निवडायची, वाडगाभर सूप आणि पावाचं कडक टोक खायचं. त्याच टेबलावर पोस्टमन यायचा, बूट सैल करून. आणि नळ दुरुस्त करणारा यायचा. त्याला सगळे 'गळती' म्हणतात, कारण त्याने हात लावला की गळणं थांबत नाही, फक्त जागा बदलतं. हळूहळू सासूबाई घरी गोष्टी घेऊन यायला लागल्या. "कांद्याला घाई करू नये, असं मालकीण म्हणते," हे त्या दारातून सांगायच्या आणि मीही ऐकायची. त्यांचं स्वतःचं मत म्हणून सांगितलं असतं, तर आच मुद्दाम वाढवली असती.

सगळं असं छान चाललं होतं, आणि नणंदेचा फोन आमच्या ह्यांनी घेतला.

"आई? बसायला गेलीय," हे म्हणाले. "कोपऱ्यावरच्या पबमध्ये. अगं, रोज बसते. पोस्टमन असतो, गळती असतो, छान ग्रुप जमलाय. परवा तर इतकी हसत होती, जिना चढवेना."

फोन ठेवून हे प्रसन्नपणे पेपर वाचायला लागले.

"अहो, तुम्ही 'बसते' म्हणालात?"

"मग काय, उभी राहते?"

यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग यांनी घाईघाईने परत फोन लावला. "दादा, तू तिला पाठीशी घालू नकोस," नणंद म्हणाली. "सूप पिते म्हणे! शनिवारी येतेय मी. बॅग भरून ठेवा." हे मला यांनी सांगितलं तेव्हा माझ्या हातातल्या पडद्याची शिवण तिरकी गेली. मी ती उसवली. परत घातली, ती त्याहून तिरकी.

शनिवारी नणंद घरी न येता थेट पबमध्येच शिरली. ती दातांची डॉक्टर. माणसाच्या डोळ्यांआधी तोंडात बघते. मी धावत मागोमाग पोचले. सासूबाई फरसबी मोडत होत्या आणि शेजारी सोनेरी पेयाने भरलेला उंच ग्लास. नणंदेने तो उचलून हुंगला.

"सफरचंदाचा रस आहे, डॉक्टर," गळती म्हणाला. "चव घेऊन बघा, रिपोर्ट लगेच मिळेल."

पोस्टमनने आपला बिअरचा ग्लास हळूच टोपीमागे सरकवला.

"तुम्ही काकूंच्या धाकट्या ना?" मालकिणीने खिडकीतून डोकं काढलं. "डोळे भुकेने आत गेलेत. हात धुऊन या आधी, भांडण गरम खाऊन करावं."

मासा होता, भाजलेले बटाटे होते, लोणी होतं. नणंद कडेकडेने खायला लागली आणि मग मन लावून. पोस्टमन कुठल्याशा घरच्या बोक्याची गोष्ट सांगत होता. तो बोका त्याच्या थैलीत शिरून पुढच्या गल्लीत पोचला होता आणि तिथल्या बाईने सही करून ताब्यात घेतला होता. सासूबाई खो-खो हसल्या. मान मागे टाकून, तोंड उघडून.

नणंदेचा काटा हवेतच राहिला. "आई, तुझी डावीकडची दाढ कुठाय?"

"पडली. झालं की वर्ष."

"वर्ष? अगं, मी येत होते ना मधून मधून! मला दिसली कशी नाही?"

"तू यायचीस तेव्हा मी तोंड कुठे उघडायची," सासूबाई फरसबीचं टोक मोडत म्हणाल्या. टोमणा नव्हता. होतं तसं सांगितलं.

नणंदेने काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. "वहिनी, माझ्याकडे तिला स्वतंत्र खोली आहे, गॅलरी आहे. तू भीड ठेवू नकोस. तुला जड होतंय का?"

टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाई तेवढ्या बघत नव्हत्या. एकच शेंग कितीतरी वेळ निवडत होत्या.

"बॅग भरलेली नाही," मी म्हणाले. मग ते पुरेसं नाही असं वाटलं. "आमचं पटत नाही फारसं. पण त्या परत यायची वेळ झाली की मी जिन्याकडे कान लावून असते. मला त्या हव्यात गं."

"एवढं बोलायला हिला पबात यावं लागलं," सासूबाई गळतीला म्हणाल्या.

"काकू, इथे भल्याभल्यांची जीभ सैल होते."

"सुपावर?" मालकिणीने विचारलं, आणि नणंदसुद्धा हसली. जाताना दाढेचं माप घ्यायला पुढच्या शनिवारी येते म्हणाली, आणि तोच मासा मिळेल का हेही विचारून ठेवलं.

ती गेल्यावर आम्ही दोघी चालत निघालो. उजेड होता अजून.

"तू मला घराची किल्ली दिलीस ना," सासूबाई मध्येच म्हणाल्या, "ती चालते की नाही देव जाणे."

"का? अडकते का?"

"वापरायला कुठे मिळाली. मी वर पोचते तेव्हा कडी आधीच काढलेली असते. मला वाटायचं, विसरतेस."