ठकीचे दात

मी एक जुना दगडी खलबत्ता आहे. माझ्या काठाचा एक टवका उडाला आहे आणि पोट झिजून गुळगुळीत झाले आहे. मित्रांनो, आजवर मी माझी गोष्ट कुणाला सांगितली नाही. तेव्हा मला काम होते. आता मला काम उरले नाही.

पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले आणि एका औषधवाल्याला विकले. त्याच्याकडे मुळ्या आणि साली कुटण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पुढे तयार गोळ्या आल्या आणि माझी रवानगी मोडक्या खुर्च्यांबरोबर अडगळीत झाली. तिथून मला उचलले ते आत्यांनी.

आत्या म्हणजे पोरक्या माकडांच्या आश्रयघरातल्या स्वयंपाकीणबाई. सख्खे भाचरू एकही नाही, पण डॉक्टरीणबाईंपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना आत्याच म्हणत.

एका सकाळी टॉवेलात गुंडाळून ठकी आली. तिची आई विजेच्या तारेला चिकटून गेली होती. मूठभर जीव, डोळेच काय ते मोठे. आत्यांनी तिला बाटलीने दूध पाजले, पोटाशी बांधून भाजी चिरली. दुधाचे दात आल्यावर माझे काम सुरू झाले. फळे, शेंगा, बिया माझ्यात कुटून आत्या तिला बोटाने भरवत. माझा आवाज आला की ठकी जिथे असेल तिथून धावत येई आणि माझ्या काठावर बसे.

"हा खलबत्ता म्हणजे माझ्या ठकीचे दात," असे आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मला केवढा अभिमान वाटे!

डॉक्टरीणबाईंना मात्र ते पटेना. एकदा त्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "आत्या, दात आवळा बरं. आता कानशिलावर बोट ठेवा. काय लागतं?"

"टणक लागतंय. फुगतंय काहीतरी."

"तो चावायचा स्नायू. दूध ओढणं वेगळं, चावणं वेगळं. हा स्नायू कामाशिवाय भरत नाही, आणि वाढीच्या वयात भरला नाही तर मग कठीण. ठकीला आजपासून अख्ख्या शेंगा, देठं, कवचाची फळं. कुटलेलं काही नाही."

"अहो बाई, हिरड्या सोलतील तिच्या!"

"सोलू देत थोड्या. रानात कोण कुटून देणार आहे? का खलबत्ता बांधून देताय तिच्या पाठीला?"

स्वयंपाकघरातले सगळे हसले. आत्याही हसल्या.

पहिल्या दिवशी ठकीने अख्खी शेंग चघळली, टाकली आणि आत्यांकडे पाहून किरकिरली. आत्यांचे काळीज लोण्याचे. त्या आश्रयघराची पद्धत अशी, की सकाळी पिंजऱ्यातली टरफले मोजून वहीत लिहायची. जितकी टरफले जास्त, तितका जबडा बळकट. आत्यांनी दुसऱ्या दिवशी लवकर येऊन कवचे माझ्यात फोडली, गर ठकीला भरवला आणि टरफले पिंजऱ्यात पसरून ठेवली.

"आजचा दिवस," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "उद्यापासून तिची ती फोडेल."

असे उद्या दोन वर्षे आले.

वही पाहून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "आत्या, तुमची लेक रानात जायला तयार झाली!" आत्यांच्या ओठांवर काहीतरी आले होते, मी पाहिले. पण "भूक लागली की सगळं येतं," असे पुटपुटून त्यांनी ते गिळले.

ठकीला रानात सोडले. सोडलेले पिल्लू माणसांकडे परत फिरू नये म्हणून रानाकडचे स्वयंपाकघर महिनाभर बंद ठेवत. चूल पुढच्या इमारतीत गेली, आत्याही गेल्या. माझा बत्ता कुलपाआड फळीवर राहिला आणि मी, उचलायला जड म्हणून, मागच्या पायरीवर.

कोवळी पाने होती तोवर बरे गेले असावे. मग झाडे सुकली, कवचाची फळे तेवढी उरली, आणि विसाव्या दिवशी ठकी आली. नुसत्या बरगड्या. हातात एक अख्खे फळ होते. ते तिने माझ्यात ठेवले, काठावर बसली आणि दाराकडे पाहत राहिली.

मित्रांनो, मी दगड. मला हाक मारता येत नाही आणि बत्त्यावाचून आवाजही करता येत नाही. दुपार कलली तशी ती गेली. दुसऱ्या दिवशी तिने दुसरे फळ आणले. तिसऱ्या दिवशी तिसरे. त्यानंतर ती काठावर चढली नाही. मला टेकून बसली, आणि तशीच राहिली.

पहारेकऱ्याने पाहिले तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरीणबाई धावत आल्या. आत्या पायरीवर बसल्या होत्या, ठकीचे डोके मांडीवर घेऊन. त्यांचे बोट तिच्या कानशिलावर होते. तिथे नुसता खळगा होता.

"बाई, टरफलं मी फोडलेली होती. सगळी. दोन वर्षं."

डॉक्टरीणबाई शेजारी बसून म्हणाल्या, "आणि मी टरफलंच मोजत राहिले, आत्या. दाताची एक खूण आहे का, तेही पाहिलं नाही."

आता नवे पिल्लू आले आहे. आत्या त्याच्यापुढे अख्खे देठ ठेवतात आणि स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरून बसतात. ते रडते, टाकते, पुन्हा उचलते. मग आत्या हळूच त्याच्या कानशिलाला हात लावून पाहतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगायला हवे. पण मला वेगळेच मागायचे आहे. तुमच्या घरात कुणी लहानगे काही चावत, कुरतडत, धडपडत असेल, तर त्याच्याजवळ बसा, पण त्याच्या तोंडचे काम काढून घेऊ नका. ते काम मी फार छान करीत असे.

ती तीन फळे आत्यांनी माझ्यात तशीच ठेवली आहेत. ती आता वाळून हलकी झाली आहेत. जोराचा वारा सुटला की माझ्या पोटात ठकठक वाजतात. तेव्हा मला वाटते, आता कुणीतरी धावत येईल आणि काठावर बसेल.