टीपाकारांचा पखाळभात

निवृत्त संस्कृत अध्यापकांना त्यांच्या दिवंगत पत्नीने ‘टीपाकार’ हे नाव ठेवले होते आणि ते सर्वथा यथार्थ होते. चहात साखर कमी पडली तरी ते उसाच्या उत्पत्तीपासून आरंभ करीत. चहा निवून जाई आणि साखर मागायची राहून जाई. हे त्यांचे त्यांनाही कळत असे, परंतु नेहमी थोडे उशिरा.

त्या रविवारी दुपारी ते सुनेला आग्रहाने एका लहानशा ओडिया भोजनगृहात घेऊन आले, तेव्हा त्यांच्या पोटात भुकेपेक्षा धाकधूकच अधिक होती. सूनबाई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिला ओडिशातल्या माहेरच्या गावी बदलीची विचारणा आली होती आणि सोमवारी उत्तर द्यायचे होते. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. ती गेली की घरात टीपा तेवढ्या उरणार, ऐकणारे कोणी नाही. ‘जाऊ नकोस’ एवढे दोनच शब्द त्यांना बोलायचे होते. आठ दिवस ते प्रयत्न करीत होते आणि दर वेळी त्या शब्दांना प्रस्तावना फुटत होती.

शिवाय एक अपराध मनात सलत होता. तीन वर्षांपूर्वी, ती घरात नवी असताना, एका उन्हाळ्यातल्या सकाळी त्यांना ओट्यावर पातेलेभर भात पाण्यात भिजून आंबलेला दिसला. पोर विसरली असेल, तिला खजील कशाला करा, अशा उदार बुद्धीने त्यांनी तो झाडांना घातला, पातेले स्वहस्ते घासले आणि वर तिला शिळ्या अन्नाच्या दोषांवर पाऊण तास समजावले. ती ‘हो बाबा’ म्हणाली. त्यानंतर तिने त्या घरात केवळ त्यांच्या चवीचे रांधले. तो भात विसरलेला नव्हता, तिच्या माहेरचा ‘पखाळ’ म्हणून मुद्दाम आंबवलेला होता, हे त्यांना गेल्या मंगळवारी एका पुस्तकात वाचून कळले. ज्या घरात प्रत्यक्ष भात होता, तिथे त्यांना पुस्तक लागले.

“या आजोबा,” मालकीणबाई टेबल पुसत म्हणाल्या. “उन्हाचे आलात, पखाळ देऊ ना?”

टीपाकारांनी खिशातून पदार्थांची स्वहस्तलिखित यादी काढली. “प्रथम छेना पोड आणा.”

“ते गोड असतं हो, फाटलेल्या दुधाचा छेना भाजून केलेलं. शेवटी देते.”

“नाही, नाही. मधुर रस आधी, आंबट आणि खारट मध्ये, कडू-तुरट शेवटी. वैद्यकाचा नियम आहे.”

मालकीणबाईंनी सुनेकडे पाहिले. “नेहमी असेच असतात?”

“आज जरा बरे आहेत,” सून म्हणाली.

छेना पोड आले. कडा करपट-तांबूस, आत मऊ. नियमाच्या मानापोटी त्यांनी दोन तुकडे संपवले. मग मोठ्या वाडग्यात थंड पखाळ आला. पाण्यात बुडालेला भात, वर लिंबाचे पान आणि आल्याचा वास. भोवती कांदा, परतलेला साग म्हणजे पालेभाजी, मोहरीच्या तेलातले बटाट्याचे भरीत आणि लसूण-मिरची घालून कुटलेल्या वड्यांचा चुरा. त्यांनी भक्तिभावाने पहिला घोट घेतला. गोडावर तो आंबटपणा असा आदळला की डोळे मिटले आणि मिशी थरथरली.

“अप्रतिम,” ते कसेबसे म्हणाले. “हा जो आम्ल रस...” आणि ठसका लागला.

“बाबा, सोंग पुरे,” सून म्हणाली. “गोड खाऊन वर पखाळ कुणी खातं का? आधी चुरा घ्या चिमूटभर. कांदा चावा. हं, आता घोट घ्या.”

ते आज्ञाधारकपणे तसे वागले. मिरचीचा जाळ आणि त्यावर तो गार, आंबूस घोट; छातीपर्यंत शांत वाटले. त्यांनी आणखी एक घोट घेतला, मग आणखी एक. वाडगे अर्धे झाले तरी एकही टीप सुचली नाही, याचे त्यांना भयच वाटले.

“तो भात मी फेकला होता,” ते म्हणाले.

“माहितीये. पातेल्याच्या कडेला साबण राहिला होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“कधी बोलू? पाऊण तास तुम्हीच बोलत होतात. मग वाटलं, जाऊ दे. तीन वर्षं माझ्या हातचं खाल्लंत तुम्ही, पण माझं काही खाल्लं नाहीत.”

हे त्यांना मिरचीपेक्षा झोंबले.

“मूर्खपणा झाला,” ते म्हणाले. “जाऊ नकोस.”

बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की प्रस्तावना राहिली.

सून साग चवीने खात होती. “मी कालच नाही म्हणून कळवलं.”

“काल? अगं, मग मला...”

“सांगितलं असतं तर इथे आला असतात?”

टीपाकारांनी प्रामाणिकपणे विचार केला. आले नसते, घरीच बसून मंगळवारच्या पुस्तकावर तिला काही ऐकवले असते.

“माझ्यासाठी नाही म्हणालीस?” त्यांनी हळूच विचारले.

“छे! तिथले साहेब तुमच्याहून जास्त बोलतात. घरात एक आहेत, ते पुष्कळ झाले.” ती हसली आणि बोलता बोलता त्यांच्या ताटातला उरलेला चुरा तिने बिनदिक्कत उचलून तोंडात टाकला. “आणि आता मी घरात माझंही करणार. चालेल ना?”

एकमेकांच्या ताटात हात घालण्याविषयी त्यांच्यापाशी तीन शास्त्राधार होते, तिन्ही प्रतिकूल.

“चालेल,” ते म्हणाले आणि तिला घेता यावे म्हणून त्यांनी ताट जरा पुढे सरकवले.