गावाचे गंज

पार्वताबाईंनी चिंच आणि राख एकत्र करून गंजाच्या, म्हणजे मोठ्या पितळी पातेल्याच्या, बुडाशी जोरात घासली, तेव्हा काळ्या थराखालून पितळ डोकावलं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर असे आणखी तीन मोठे गंज उपडे पडले होते.

"कावून घासून राहिल्या काकू? सोमवारी मोडीतच चालले ते," सरपंच रागिणी म्हणाली. "आता कॅटरिंगवाले आपलीच भांडी आनतात. हे कोनी नेत नाही."

"जाऊ दे. पन काळ्या तोंडानं नको जायले."

शेजारी बसून रागिणीही घासू लागली.

बार्शीटाकळीजवळच्या या गावात पार्वताबाई सरपंच झाल्या, तेव्हा लग्नकार्यासाठी साऱ्या गावात एकच भांडी असावीत म्हणून त्यांनी हे गंज घेतले होते. पहिल्यांदा ते चुलीवर चढले बौद्धपुऱ्यात, धम्मदीपच्या लग्नात. मग अब्दुल रहीमच्या मुलीच्या निकाहात. आणि मग पार्वताबाईंच्या स्वतःच्या लेकीच्या लग्नात.

त्या दिवशी त्यांचे धाकटे दीर किसनराव मांडवाच्या दारातून परत फिरले. "वहिनी, या गंजातलं आमी नाही जेवत," एवढंच म्हणाले. मागोमाग भावकी उठली. मांडलेल्या पत्रावळी तशाच राहिल्या. तेव्हा अब्दुल रहीम आणि धम्मदीप आपापली माणसं घेऊन आले आणि मुकाट्यानं त्या पत्रावळींवर बसले. पार्वताबाईंनी हसत हसत आग्रह करून वाढलं. पाठवणीच्या वेळी मात्र लेकीपेक्षा त्याच जास्त रडल्या. आईच ती, रडणारच, असं लोक म्हणाले.

दिराशी बोलणं तुटलं ते तुटलंच. परवा किसनरावांची बायको, त्यांची जाऊ ललिता वारली, तेव्हाही पार्वताबाई तिच्या पायाशी फूल ठेवून न बोलताच परतल्या होत्या.

ओट्यापाशी कुणीतरी खाकरलं. किसनराव होते. रागिणीनं खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"वहिनी, हे गंज पायजेत. तेरवीले."

पार्वताबाईंचा हात थांबला.

"तिनंच सांगून ठेवलं," किसनराव म्हणाले. "म्हने, माह्या तेरवीचा सयपाक गावाच्या गंजात करा. मी म्हटलं, कावून? तं म्हने, त्यातलं मी जेवली हाय. तुमच्या पोरीच्या लग्नात, वहिनी. मांगच्या दारानं आलती ती." त्यांनी गळ्यातला दुपट्टा उगाच सारखा केला. "इतके वर्सं मले सांगितलं नाही."

"सोमवारचं मोडीचं राहू द्या मंग," रागिणी हळूच म्हणाली.

पार्वताबाई आठवून आठवून पाहत होत्या. चूल, धूर, वाढणाऱ्या बायका. त्या घाईगर्दीत ललिताचा चेहरा काही सापडेना.

"बोलावता कोनाले?" त्यांनी विचारलं.

"साऱ्या गावाले."

पार्वताबाईंनी गंजावर पुन्हा राख चोळली. मग म्हणाल्या,

"पोटभर जेवली काय ती?"

"वरन दोनदा मांगून घेतलं म्हने."