सात नंबरची पूड

नारीन शहरातल्या कॉलेजात परीक्षेला बसायची तुर्सुनायची ही तिसरी खेप. सोळा वर्षं ती औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकांना औषधं देत आली होती, पण आता म्हणे प्रमाणपत्र हवं. आज नापास झाली, तर सोमवारपासून मागे बसून बाटल्या धुवायच्या.

पुढ्यात सात नंबरची पांढरी पूड. सेंद्रिय पदार्थ, आम्ल आहे की नाही ते सांगा. काम पाच मिनिटांचं. तिने पूड कोमट पाण्यात विरघळवली आणि निळा लिटमस कागद बुडवला. लाल झाला. दुकानातल्या सवयीने दुसरा कागद नुसत्या पाण्यात बुडवून पाहिला, तर तोही लाल!

"बुबुसारा एजे, ही लिटमसची डबी कुठे ठेवली होती?" तिने प्रयोगशाळेतल्या मदतनीस ताईंना विचारलं.

"कपाटात. काकड्या मुरवायचं माझं व्हिनेगर आहे ना, त्याच्या शेजारी. का गं?"

तुर्सुनायने कपाळाला हात लावला. डबीभर कागदांनी महिनाभर आंबट वाफ खाल्ली होती; ओले झाले की ते लाल होणारच. "मग खायचा सोडा तरी द्या, फसफसतं का बघते."

"तो परवा बोरसोक तळायच्या पिठात गेला. पाहुणे आले होते, काय करू?"

बाकीचे परीक्षार्थी लाल झालेला कागद उत्तरपत्रिकेवर चिकटवून केव्हाच मोकळे झाले होते. तुर्सुनायने रागारागाने लिहिलं, 'सांगता येत नाही', आणि तरातरा परीक्षकांकडे, एसेनकुल अगायांकडे, म्हणजे गुरुजींकडे गेली.

"अगाय, हा कागद पाण्यालाही आम्ल म्हणतोय!"

अगायांनी यादी पाहिली. "सात नंबर आम्लच आहे. मग कागद खोटं कुठे बोलला?"

"पण मला ते कळलं कसं म्हणायचं?"

"परीक्षेत पाणी विचारलंय का?"

"नाही, पण..."

"मग पाण्याचं काय घेऊन बसलात? एकवीस जणांना परत बसवू? कशाला हात दाखवून अवलक्षण करताय, बाई? तीन मिनिटं उरलीत."

तिने उत्तर खोडलं. पेनाच्या टोकाने कागद फाटला. त्याखाली लिहिलं, 'आम्ल आहे.'

अगायांनी पाचपैकी पाच दिले. बुबुसारा एजेंनी तिला मिठी मारली. तुर्सुनायला स्वतःची इतकी चीड आली की रडूच फुटलं, आणि सगळ्यांना वाटलं, बिचारी आनंदाने रडतेय.