देरेचा, देरेचो

दुभाषीबाईंनी फळ्यावर दोन शब्द एकाखाली एक लिहिले आणि खडू हातातच ठेवून त्या वर्गाकडे वळल्या.

"स्पॅनिशमध्ये देरेचा म्हणजे उजवीकडे आणि देरेचो म्हणजे सरळ. फ्रेंचमध्येही हीच गोम आहे, बरं का. डावं निदान वेगळं ओळखू येतं. उजवं आणि सरळ मात्र जुळी भावंडं."

"एका स्वरानं काय आभाळ कोसळणार आहे, बाई?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना गोदामातला तो स्पॅनिश बोलणारा हमाल आठवला.

गेल्या वर्षी पोलीस ठाण्यात त्याच्या जबानीचा तर्जुमा त्यांनीच केला होता. रिव्हर्स घेत मागे येणाऱ्या ट्रकला तो ओरडून वाट सांगत होता. ट्रक उजवीकडे वळला आणि भिंतीशी उभा असलेला त्याचा धाकटा भाऊ चिरडला गेला. ट्रकचालक त्याच्याच मुलखातला. 'यानं सांगितलं तसं वळवलं,' म्हणाला आणि सुटला. बाईंनी उतरवलेल्या जबानीतही 'उजवीकडे' असंच होतं. हमालाला तीन वर्षांची शिक्षा झाली.

या तासाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठाण्यात जाऊन जबानीची ध्वनिफीत तीनदा ऐकली. शब्द हुंदक्यात तुटला होता, पण शेवटी 'ओ' होता.

"मिटलेलं प्रकरण कशाला उकरता?" कारकून म्हणाला. "तुमच्याच अंगाशी येईल."

"येऊ दे."

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत त्यांनी फेरतपासाचा अर्ज हमालापुढे सरकवला आणि काय झालं ते सांगितलं.

"आधी मलाही वाटायचं, मी सरळच म्हणालो," तो म्हणाला. "पण तुम्ही शिकलेल्या. तुम्ही चुकीचं कशाला ऐकाल, ताई? मग हळूहळू मलाच ऐकू यायला लागलं, माझ्याच तोंडून. उजवीकडे."

"तुम्ही सरळच म्हणालात. चुकीचं मी ऐकलं."

त्यानं पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली.

"आईला लिहिलं होतं मी, चूक माझी म्हणून. आठ महिने उत्तर नाही. परवा आलं. माफ केलंय तिनं."

बाईंनी पेन परत घेतलं.

"फार जड गेलं असेल तिला," तो म्हणाला आणि अर्ज त्यांच्याकडे सरकवला. "आता तिला हे कुणी सांगायचं?"