नसलेल्या कोर्टाचा निकाल

राजकारण्यांच्या डोक्यात कधी काय शिरेल, सांगता येत नाही बाई. जुने अध्यक्ष निवडणूक हरले आणि जाता जाता त्यांनी मोठी नवी कोर्टं काढून त्यांवर आपली माणसं जज म्हणून बसवली. खालच्या कोर्टांच्या निकालांवरची अपिलं आणि एकाच जमिनीचे दोन राज्यांनी दिलेले दस्त यांची भांडणं ऐकायची कोर्टं ही. नवा पक्ष आला, त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण राज्यघटना म्हणते, वर्तन चांगलं असेतोवर जजला काढता येत नाही. मग त्यांनी जजला हातच लावला नाही, त्याच्या खालचं कोर्टच काढून घेतलं. आमच्या व्हरमाँट राज्यातल्या अशाच कोर्टातले दोन जज मुकाट्याने शेतीकडे गेले. तिसरे, जज व्हिटलॉक, माझ्या खानावळीत राहिले.

"मी तहहयात जज आहे मेहिटाबलबाई," ते म्हणाले. "मी हयात आहे. म्हणजे कोर्ट आहे."

मला ते पटलं, कारण माझा खटला त्याच कोर्टात अडकला होता. माझ्या खानावळीची जमीन कॅप्टन एझ्रा पिंगरी आपली म्हणत होता. नवऱ्यामागे एवढं एकच छप्पर मला उरलेलं. माझा दस्त न्यू हॅम्पशरचा, त्याचा न्यू यॉर्कचा. वाद सगळा ऐकून झाला होता, निकाल तेवढा राहिला, आणि कोर्ट रद्द. आता सगळं नव्याने सुरू करायला माझ्या अंगात त्राण नव्हतं.

मग काय, रोज सकाळी दारूची पिंपं बाजूला सारायची आणि कोर्ट भरवायचं. पुकारा करणारा केव्हाच पळालेला, म्हणून मीच एप्रन बांधून दारात ओरडायची, "ऐका हो ऐका! कोर्ट बसलंय!" जजसाहेब वर्तनाला भलतेच जपायचे. साइडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, दुसरा पेला नाही, ढेकर नाही. पक्षकाराचं फुकट खाणं म्हणजे लाच, म्हणून काळा झगा घालून माझी लाकडं फोडायचे. एक ओंडका फुटेल तर शपथ! पण घाम गाळल्याशिवाय काकवीतल्या घेवड्यांना हात लावायचे नाहीत.

कॅप्टन नव्या पक्षातर्फे विधानसभेला उभा होता. तो रोज संध्याकाळी यायचा आणि रिकाम्या खुर्चीकडे बघितल्यासारखं थेट जजसाहेबांकडे बघून म्हणायचा, "या खुर्चीत कोणीही बसलेलं नाही!"

"कॅप्टन, तुमची टोपी माझ्या कागदांवर ठेवलीत," जजसाहेब म्हणायचे.

"कोणीतरी बोललं का?" कॅप्टन शेजारी बसलेल्या गावच्या लोहाराला विचारायचा.

मी भांडायची. "आहे कोर्ट! या माणसाचा शब्द म्हणजे कायदा, कान उघडे ठेवून ऐक!" गावभर हेच सांगत फिरले मी. बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे दोन माणसं भेटतील तिथे.

शेवटी निकालाचा दिवस आला. खानावळीत मुंगी शिरायला जागा नव्हती. कॅप्टन पुढच्याच बाकावर.

"तू कशाला आलास रे?" मी विचारलं.

"मी आलेलोच नाही," तो म्हणाला. "ज्या जागी कोर्ट नाही तिथे मी हजर कसा असेन?"

जजसाहेबांनी चष्मा लावला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"बाईंचा दस्त जुना आहे, खरा आहे," ते म्हणाले. "पण त्यातली जमीन ओढ्यापर्यंतच आहे. बाईंच्या यजमानांनी घर ओढ्याच्या पलीकडे बांधलं."

तुळया ओढ्यातून कोण नेणार, म्हणून बांधलं मेल्याने! तिथेच गाडी थांबली आणि तिथेच घर झालं. आळशी होता, काय सांगू.

"जमीन कॅप्टन पिंगरी यांची. आजच ताबा द्यावा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या हातचं खाऊन, माझ्याच चुलीपाशी बसून!

कॅप्टन उडी मारून उठला. "जिंकलो!"

"कुठे जिंकलास?" लोहार म्हणाला. "कोर्ट कुठंय?"

सगळे खो खो हसले. कॅप्टन झटकन खाली बसला. त्याच्या पक्षाची माणसं मागे भिंतीला टेकून बघत होती.

लोहार माझ्याकडे वळला. "राहा खुशाल मेहिटाबल. 'कोर्ट नाही' एवढं म्हण. रोज हेच म्हणणारा कॅप्टन आता उलट कसं बोलेल?"

खरंच होतं. दोन शब्द, आणि छप्पर माझं. मी तोंड उघडलं. जजसाहेब माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, विनवूनही नाही. दारात उभ्या पाहुण्याने आत येऊ का म्हणून बघावं, तसं. या अख्ख्या देशात त्यांना जज म्हणणारी मी एकटी होते. मी किल्ल्या काढल्या आणि त्यांच्या टेबलावर आपटल्या.

"घ्या तुमच्या किल्ल्या! कोर्ट आहे!"

जजसाहेबांनी किल्ल्या पुढे केल्या. "कॅप्टन, कोणाच्या हुकमाने घेता?"

कॅप्टनने तुळयांकडे बघितलं, पिंपांकडे बघितलं, मागच्या माणसांकडे बघितलं. मग काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही."

"या कोर्टाच्या हुकमाने!" तो ओरडला. "झालं समाधान? जजसाहेब!"

मागची माणसं थुंकून बाहेर पडली. त्याची विधानसभा तिथेच संपली. जमीन मात्र मिळाली.

कॅप्टनने आम्हा दोघांनाही संध्याकाळच्या आत बाहेर काढलं. मी गाठोडं घेऊन बहिणीच्या गावाची वाट धरली. जजसाहेब माझी किटली हातात घेऊन शेजारून चालत होते. मी पुढे बघून पाय उचलत होते. बोलले असते तर शिव्याच दिल्या असत्या.

"अपील करा बाई," ते एकदम म्हणाले.

"कोणाविरुद्ध?"

"माझ्या निकालाविरुद्ध. सर्वोच्च न्यायालयात." डोळे कसे चमकत होते त्यांचे! "माझ्यावर अजून कोणी अपील केलेलं नाही."

"आणि ओढा? तो काय तिथे बाजूला सरकणार आहे?"

"तिथले जज ओढ्यापर्यंत जाणारच नाहीत." त्यांनी किटली दुसऱ्या हातात घेतली. "ते म्हणतील, हे कोर्ट अस्तित्वातच नव्हतं, म्हणून निकालही नव्हता. कॅप्टनला घर सोडावं लागेल. पुन्हा दावा लावून निकाल मिळेपर्यंत तो म्हातारा होईल."

"आणि तुम्ही?"

"मी कोणीच नव्हतो, हे कायमचं ठरेल."

मी वाटेतच उभी राहिले. "मघाशी सांगायला काय झालं होतं हो?"

"मघाशी मी कोर्टात होतो. पक्षकाराला सल्ला देता येत नाही."

रडू की हसू मला कळेना. पण घर माझं होतं, चूल माझी होती, आणि पुढे हिवाळा होता.

"करणार मी अपील," मी म्हटलं.

"करायलाच हवं," ते म्हणाले, आणि किटली सांभाळत माझ्या पुढे चालू लागले, तोंड दिसू नये म्हणून.